होटगीच्या डोक्यावर पाच किलोमीटर

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की ऑफिसात कामाचा मूड राहत नाही. निम्मे क्लाएंट सुट्टीवर, बॉसचं मन आधीच गोव्याला पोहोचलेलं आणि एचआरची ती दरवर्षीची मेल इनबॉक्सात येऊन पडलेली. आपापला बे सजवा, बेस्ट टीमला बक्षीस! मग काय, कुणी तुळशीबागेतून चमकीच्या माळा आणतं, कुणी कापसाचे पुंजके सेलोटेपनं काचेला चिकटवतं. पूर्वी थर्माकोलचा चुरा उधळला की भागायचं, पण २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि तोही मार्ग बंद झाला. उरतो बिचारा कागद. प्रिंटरशेजारच्या ढिगातला, एका बाजूला कुणाचं तरी बारगळलेलं प्रेझेंटेशन छापलेला. घड्या घाला, कात्री चालवा, उलगडा. झाला स्नोफ्लेक!

मला हा प्रकार जाम आवडतो. पाच मिनिटांत होतो, फुकटात होतो आणि उलगडेपर्यंत करणाऱ्यालाही माहीत नसतं की आतून काय निघणार आहे. एक्सेल शीटमध्ये असला सस्पेन्स कुठे मिळतो?

खटकते ती एकच गोष्ट. यंदा जाता-येता मॉलच्या काचा, कॉफी शॉपमधले कप, ऑफिसच्या खिडक्या नीट बघा आणि पाकळ्या मोजा. बऱ्याच ठिकाणी त्या आठ भरतील. खऱ्या बर्फाच्या फुलाला आठ पाकळ्या कधीच नसतात. सहाच असतात. आपण आठ का करतो? सोप्या पडतात म्हणून. कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा केला की आपोआप आठ भाग होतात. सहासाठी एकदा तरी तीन सारखे वाटे करावे लागतात. आणि तीन भाऊ असलेल्या घरात कुणालाही विचारा, तिघांत सारखी वाटणी म्हणजे काय असतं ते!

पण सहाच का? हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी कडकीत असलेल्या एका नोकरदार माणसाला पडला होता. त्याचं नाव योहानेस केप्लर. ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात त्याचे नियम आपण शाळेत घोकले, तोच हा केप्लर. प्रागमध्ये सम्राटाच्या दरबारी नोकरी होती, पण पगार कायम थकलेला. (ओळखीचं वाटतं ना?) नवीन वर्ष आलं, आपल्या एका आश्रयदात्या मित्राला भेट तर द्यायला हवी आणि खिशात काही नाही. पुलावरून जाताना कोटावर बर्फाचे कण पडले, सगळे सहा टोकांचे. झालं, त्याला गिफ्ट सापडलं! १६११ मध्ये त्यानं या सहा टोकांवर एक छोटीशी पुस्तिका लिहून मित्राला भेट दिली. बर्फाला लॅटिनमध्ये ‘निक्स’ म्हणतात आणि जर्मनमध्ये ‘निख्ट्स’ म्हणजे काहीच नाही. ‘काहीच नाही’ची भेट, असा त्याचा पीजे होता. सीक्रेट सांताचं बजेट दोनशे रुपयांत बसवताना केस उपटणाऱ्यांनी हा माणूस लक्षात ठेवावा.

उत्तर शोधताना केप्लरनं मधमाश्यांची पोळी तपासली, डाळिंबाचे दाणे तपासले. (सोलापूरकरांनो, कॉलर ताठ!) एकमेकांना खेटून बसताना वस्तू असा आकार घेतात का, याचा विचार केला. शेवटी त्यानं प्रामाणिकपणे हा प्रश्न पुढच्यांवर सोपवला. उत्तर मिळायला विसावं शतक उजाडलं. स्फटिकांवर क्ष-किरण सोडून आतली रचना बघता यायला लागली, तेव्हा कळलं की बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून षटकोनातच उभे राहतात. पायाच षटकोनी, म्हणून वरची इमारतही षटकोनी.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात राहून या बाईला बर्फाचं एवढं काय? तर गेल्या वर्षी एका क्राफ्ट पानासाठी मला या स्नोफ्लेकची कृती लिहून द्यायची होती. डेडलाइन नाताळची आणि मी होते होटगीला, चुलतभावाकडे. ज्यांना होटगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोलापूरहून पुढे जाणाऱ्या रुळांना जिथे फाटा फुटतो, एक रस्ता वाडी-कलबुर्गीकडे आणि दुसरा विजयपूर-गदगकडे जातो, ते जंक्शन म्हणजे आमचं होटगी. इथे मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात सुखानं नांदतात. हिवाळा म्हणजे ज्वारीचा हुरडा, सोलापुरातला सिद्धेश्वराचा गड्डा आणि पहाटे अंगावर ओढलेली चादर. नऊ वाजले की ऊन पुन्हा ड्यूटीवर हजर. अशा ठिकाणी सोप्यात मांडी घालून मी बर्फ कातरत बसले होते.

आठ वर्षांचा पुतण्या येऊन शेजारी टेकला.

“आत्या, काय करायलीस?”

“बर्फ.”

त्यानं एक फूल उचललं, उजेडात धरलं. “असला नसतोय बर्फ. बर्फ गोल असतोय. पत्र्यावर धाडधाड वाजतोय.”

मी हसले. दादा दाराशी चप्पल काढत होता, तो मात्र हसला नाही. म्हणाला, “आमच्यात वरनं बर्फ पडला तर कुणी खिडकीला चिकटवत बसत नाही बाई.”

मला एकदम २०१४ आठवलं. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये राज्यात भयंकर गारपीट झाली. मराठवाडा, विदर्भ आणि आपला सोलापूर जिल्हा, सगळीकडे द्राक्षं, डाळिंबं, काढणीला आलेली ज्वारी झोपली. दादाची दीड एकर द्राक्षबाग होती. माल तोडायला आठवडा उरला होता. अर्ध्या तासाच्या गारांनंतर वेलींखाली घड, पानं आणि बर्फ यांचा चिखल झालेला. मी तेव्हा मास कॉमच्या तयारीत होते. फोनवर सांत्वनाचं काहीतरी बोलले आणि अभ्यासाला लागले. पुढे दोन वर्षं दादानं बाग ओढत नेली, मग औषधांचा खर्च परवडेना म्हणून काढून टाकली. आता तिथे ज्वारी आणि तूर असते. घरात त्यावर कुणी बोलत नाही. पोराला बर्फ माहीत आहे तो त्या न बोललेल्या गोष्टीतूनच. आकाशातून बर्फ येतो म्हणजे काहीतरी जातं, एवढं त्याला कळतं.

खरं सांगते, हातातली कात्री जड झाली. शहरातल्या काचांसाठी आपण ‘विंटर मूड’ कातरतोय आणि इथे त्याच शब्दाचा अर्थ कर्ज असा आहे. कागद गोळा करून आत जावं असं वाटलं. पण पोरगं प्रश्न विचारून मोकळं झालं होतं आणि उत्तर तर द्यायलाच हवं होतं. म्हणून मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगायला घेतलं.

गार आणि हिमफूल, दोन्ही पाण्याचीच लेकरं, पण वाढतात अगदी वेगळी. गार ही मुळात उन्हाळ्याची करणी. जमीन तापते, गरम हवा जोरात वर जाते, उंच ढग उभा राहतो. त्यातले गोठलेले थेंब त्या झोताबरोबर वर-खाली हेलपाटे खातात आणि अंगावर कांद्यासारखे बर्फाचे पापुद्रे चढवत जातात. वजन झेपेनासं झालं की धाडकन खाली. म्हणूनच गारा कडाक्याच्या थंडीत न येता फेब्रुवारी-मार्चच्या तापत्या दिवसांत येतात. हिमफुलाला असली घाई नसते. ढगातली वाफ पाणी न होताच एखाद्या धूलिकणावर बसते, आधी एक बारीक षटकोन होतो, मग त्याच्या सहा कोपऱ्यांना हळूहळू फांद्या फुटतात. पुतण्याला हे समजावताना मला हलवा आठवला. संक्रांतीला आज्जी तिळावर पाकाचे थेंब टाकत, कढईत बोटं फिरवत तासन् तास बसायची, तेव्हा कुठे त्याला काटा यायचा. घाईत पाक ओतला की नुसता लाडू. ‘हिमफूल म्हणजे आभाळाचा हलवा’ म्हटल्यावर त्याला लगेच पटलं.

दादा ऐकत होता. मग मी बेंटलीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचं गाव आहे, तिथला विल्सन बेंटली. दूधदुभत्याचा धंदा असलेल्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याला हिमफुलांचं वेड लागलं. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं हिमकणाचा पहिला फोटो काढला. श्वास लागला तरी वितळेल अशी ती वस्तू. आयुष्यभर शेती करत त्यानं असे पाच हजारांवर फोटो काढले. गावकरी त्याला येडा समजायचे. हे फोटो तो पाच सेंटला एक या भावानं विकायचा. १९३१ मध्ये त्याचं फोटोंचं मोठं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला.

“आणि दूध कोण काढत होतं मग?” दादानं विचारलं.

शेतकऱ्याला शेतकऱ्याचीच काळजी! आम्ही सगळेच हसलो. दादा उठून आत गेला. फळीवरचे डबे सरकवल्याचा आवाज आला आणि तो एक बारीक, लांब टोकाची कात्री घेऊन बाहेर आला. द्राक्षाच्या विरळणीची कात्री. घडात मणी दाटले की मधले मणी काढून बाकीच्यांना वाढायला जागा करतात, त्यासाठीची. बाग गेली, तारा-खांबसुद्धा विकले, कात्री मात्र त्यानं ठेवली होती. तेल लावून, फडक्यात गुंडाळून.

“ही घे. तुझ्या त्या कात्रीनं काय होणार नाही. हिचं टोक आत जातंय.”

गेलं की! बारा पदरी कागदात त्या कात्रीनं जे बारीक काम झालं ते माझ्या स्टेशनरीच्या कात्रीनं जन्मात झालं नसतं. दादानं स्वतः काही कापलं नाही. पण कुठे जास्त कापलं तर फांदी तुटेल, ते बोटानं दाखवत बसला.

पुतण्यानं शेवटचा प्रश्न विचारला. “हे असलं आपल्याकडं कधीच पडत नाही का?” याचं उत्तर मला स्वतःलाच फार आवडतं. पडतं! फक्त आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्याला टेकतं. पावसाचे मोठे ढग त्याच्याही खूप वर जातात आणि त्यांच्या माथ्यावर चक्क बर्फाचे स्फटिक असतात. खाली येता येता ते वितळतात आणि आपण छत्री उघडतो. सोलापूर पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत, म्हणून पुण्याच्या आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात याच भागातल्या ढगांत विमानं घालून अभ्यास केला होता. म्हणजे हिशेब करा, सोलापूर स्टेशन होटगीपासून जितकं लांब आहे त्यापेक्षा बर्फ जवळ आहे. फक्त सरळ वर जायला हवं! मृगाचा पहिला टपोरा थेंब कपाळावर पडतो तो कदाचित काही मिनिटांपूर्वी सहा पाकळ्यांचा असतो. तेव्हापासून स्नोफ्लेक ही मला परक्या देशातून उसनी आणलेली सजावट वाटत नाही. अर्ध्या वाटेवर विरघळलेलं आपलंच काहीतरी आपण कागदात परत करतोय, असं वाटतं.

आता थोडं शास्त्रार्थाचं. घडी घालून कापण्याच्या या कलेला सगळे सर्रास ओरिगामी म्हणतात. जपानीत ‘ओरु’ म्हणजे घडी घालणं आणि ‘कामी’ म्हणजे कागद. पक्क्या ओरिगामीत कात्रीला प्रवेश नाही. कापायचं असेल तर ‘किरु’, म्हणून त्याला किरिगामी म्हणतात. पण जपानपर्यंत कशाला जायचं? १८९३ मध्ये मद्रासला टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. पट्टी-कंपास न घेता नुसत्या घड्यांनी चौकोन, पंचकोन, षटकोन. लहान मुलांच्या किंडरगार्टनमधल्या कागदकामावरून त्यांना ते सुचलं होतं. फेलिक्स क्लाइन या मोठ्या जर्मन गणितज्ञानं त्याची दखल घेतली आणि मग ते अमेरिकेतही छापलं गेलं. आपल्या सोलापुरातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी किंडरगार्टन चालवलं. त्या फ्रोबेलच्या पद्धतीत कागदाची घडी आणि कातरकाम हा रीतसर अभ्यासच असायचा. त्यामुळे लंच टाइममध्ये कागद कापताना कुणी ‘काय लहान मुलांसारखं!’ म्हटलं तर बिनधास्त म्हणा, हो, सव्वाशे वर्षांचा सिलॅबस आहे.

करून बघा!

१. ए-फोर कागदाचा एक कोपरा तिरका दुमडून जादा पट्टी कापून टाका. चौकोन मिळाला. तिरकी घडी उलगडू नका, आपल्याला तो त्रिकोणच हवाय.

२. त्रिकोणाची लांब बाजू आपल्याकडे ठेवा आणि तिचा मधला बिंदू चिमटीनं हलकेच खुणेपुरता दाबा. हा बिंदू म्हणजे फुलाचं केंद्र.

३. आता खरी परीक्षा. त्या बिंदूपासून उजवी बाजू डावीकडे वळवा आणि डावी बाजू तिच्यावर आणा. एक, दोन, तीन, असे तीन सारखे भाग पडायला हवेत. लगेच दाबू नका. दोन्ही पंख मधल्या भागावर तंतोतंत बसले, कुठूनही काही डोकावत नाही, अशी खात्री झाली की नखानं घड्या पक्क्या करा. हे तीन सारखे भाग म्हणजेच साठ-साठ अंश. आठ पाकळ्यांचा घोटाळा इथेच टळतो.

४. पुन्हा एकदा मधोमध दुमडा. हातात बारीक सुळक्यासारखी बारा पदरी घडी येईल. वरचे वाकडेतिकडे कान कापून टाका, सरळ किंवा तिरके.

५. दोन्ही कडांना त्रिकोण, चंद्रकोरी, खाचा कापा. टोक छाटलं तर मध्ये भोक पडेल. एक नियम पाळा, कात्री एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊ द्यायची नाही, नाहीतर फुलाचे दोन तुकडे.

६. हळूच उलगडा. जड वही खाली रात्रभर ठेवलं की सपाट होतं.

प्रिंटरचा कागद बारा पदरी जाड होतो, म्हणून पतंगाचा कागद मिळाला तर क्या बात! आणि पहिल्या घासालाच भव्यदिव्य काही करू नका. एक खाच कापा, उलगडा, बघा. मग पुन्हा घडी घालून दुसरी. एका कापाचे बारा काप होतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात आपोआप शहाणा होतो. इथे कंट्रोल-झेड नाही. कापलं ते गेलं. त्याच्याभोवती पुढचं डिझाइन जमवायचं.

आता अस्सल हिमफुलाच्या सहा पाकळ्या एकमेकींसारख्या का असतात? तिथे तर कुणी घडी घातलेली नसते. याचा छडा जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी लावायला घेतला. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत सशाच्या केसावर जगातलं पहिलं कृत्रिम हिमफूल वाढवलं आणि दाखवून दिलं की आकार ठरतो तो हवेचं तापमान आणि ओलावा यांवर. उणे पाच अंशांच्या आसपास सुयांसारखे, उणे पंधराच्या आसपास आपल्या ओळखीचे फांद्याफांद्यांचे तारे. फूल ढगातून वर-खाली होताना हवा बदलते, तशा त्याच्या फांद्याही बदलत जातात. पण सहाही फांद्या एकत्रच प्रवास करत असतात. जे ऊन-वारं एकीला तेच सगळ्यांना. म्हणून सहाही सारख्या. दुसरं फूल दुसऱ्या वाटेनं आलेलं, म्हणून ते वेगळं.

एका घरातली भावंडंही अशीच असतात असं मला वाटायचं. ती गारपीट आमच्या घरावर पडली तेव्हा मात्र एक भावंड वेलींखाली उभं होतं आणि एक फोनच्या दुसऱ्या टोकाला. तेवढा फरक पडतोच. मागच्या डिसेंबरात त्या बागेबद्दल दादा माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला. किती माल होता, भाव काय चालू होता, त्या संध्याकाळी कुणाकुणाला फोन केले, सगळं. हातात कात्री आणि कागद असला की समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच बोलणं सोपं जातं. आमच्या मध्ये कागदाच्या कात्रणांचा हा एवढा ढीग झाला होता.

तर या आठवड्यात बे सजवायचा असेलच, तर गूगलवरून प्रिंटआउट काढू नका. ज्या कलीगशी वर्षभर फक्त मेलवर बोललात त्याला बोलवा, एक कात्री त्याच्या हातात द्या आणि पाकळ्या सहाच करा. बक्षीस दुसऱ्या टीमला गेलं तरी जाऊ दे. जानेवारीत घरून हलव्याची पुडी आली की त्यातला एक दाणा उजेडात धरून बघा. काटे मोजायच्या फंदात मात्र पडू नका, तिथे सहाचा नियम चालत नाही!